हातभट्टी कुणाला म्हणता?

तात्या दुपारचे जरा पडले होते आणि माडीवर बाटली फुटली. पहिल्या आवाजाला त्यांना वाटलं, माकडानं पत्र्यावर उडी घेतली. दुसरी फुटली तेव्हा ते उठून वर गेले. भिंतीवरून ओघळणारा फेस, खाली काचा आणि मधोमध फडकं घेऊन उभा असलेला नातू. संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा आवाज आला : "आपल्या वाड्यात हातभट्टी सुरू झाली म्हणून कळवलालाव. ज्यानं पोराला शिकवलं, त्यानं जर्मनीत बसून ऐकावं."

ज्यानं शिकवलं तो मी, पोराचा काका. साडेअकरा ग्रॅम यीस्टचं पाकीट लातूरला जाणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर, आईसाठी घेतलेल्या स्वेटरच्या घडीत घालून, मीच धाडलं होतं. पण हातभट्टी? महिना झाला, हा शब्द काही घशाखाली उतरत नाही.

तात्यांना आणि त्यांच्या मेसेजवर अंगठे टाकणाऱ्या आठ-दहा जणांना एकदा नीट सांगतो. हातभट्टीत काळा गूळ आणि नवसागर सडवतात, ते रसायन पिंपात तापवतात आणि वाफ गार करून धार धरतात. बिअरला धारच नसते. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं, ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. ते गाळून उकळायचं, हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, घालायचे, गार झालं की यीस्ट सोडायचं आणि पंधरा दिवस गप्प बसायचं. चार-पाच टक्के अल्कोहोल निघतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं. जव आंबवून माणूस मरेल इतकं मिथेनॉल तयार होत नाही. पोराची चूक एवढीच, की बाटल्या भरताना साखर चमच्यानं घातली. ती घालायची असते लिटरला सहा-सात ग्रॅम, तीही वजन करून; जास्त झाली की गॅसनं बाटली फुटते. शिवाय आंबणं संपलं की नाही हे बघायला त्याच्याकडं हायड्रोमीटर नव्हता. यीस्ट धाडणाऱ्याला तो धाडायचं सुचलं नाही, हे मान्य.

आमच्याकडे हे असं माडीवर लपून करावं लागत नाही. न्यूर्नबर्गच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, भांडी मांडली. त्याआधी झोलला, म्हणजे इथल्या कस्टम खात्याला, एक पत्र टाकलं : अमुक पत्ता, बिअर करणार, स्वतःपुरती. तेव्हा वर्षाला २०० लिटरपर्यंत कर नव्हता, २०२४ पासून ५०० केलं. कुणी दारात आलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. तिकडं १९४९ चा दारूबंदी कायदा. प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि तो किती जणांच्या खिशात असतो ते ग्रुपवरच विचारून बघा, म्हणजे लग्नाच्या वरातीत कोण कुठं गायब होतं तेही निघेल. संभाजीनगरच्या एमआयडीसीत बिअरचे एवढाले कारखाने चालतात ते उद्योग, आणि आमच्या पोराची पाच लिटरची बरणी तेवढी गुन्हा.

इथल्या ओबरफाल्झ भागात विंडिशएशेनबाख नावाचं गाव आहे. रविवारी डॉइचलँड टिकीटावर, म्हणजे रेल्वेच्या मासिक पासावर, मी जातो. गावाचं सामाईक ब्राऊहाऊस, म्हणजे बिअर करायचं घर, आहे. ज्यांना हक्क आहे ते तिथं पाळीपाळीनं बिअरचं पाणी उकळतात, घरी नेऊन आंबवतात, आणि ज्याची तयार झाली त्याच्या दारावर सहा कोनांची चांदणी लटकते. हक्क माणसाला नाही, घराला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वतनच आठवलं : पाटीलकी, कुलकर्णीपण, तसं हे. बाकावरचा अनोळखी म्हातारा सरकून जागा देतो, ग्लासाला ग्लास लावतो. आठ वर्षांत माझ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं मला चहाला बोलावलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

मग मी ग्रुपवर हुकमाचा एक्का टाकला : येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आपण काय करतो? जवारीचं पीठ ताकात कालवून आंबवतो. बिंदग्यात भरून बायका ते डोक्यावर घेऊन रानात जातात. कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, भज्जी-उंड्याचा नैवेद्य दाखवायचा आणि आंबील रानभर शिंपडायची. ते आंबलेलं देवाला चालतं, मग हे आंबलेलं माडीवर का चालत नाही? तासभर ग्रुप गप्प. मला वाटलं, जिंकलो. मग थोरल्या वहिनींनी लिहिलं, ज्या एरवी वाढदिवसाच्या केकला फक्त हात जोडतात : "भावजी, आंबील पिऊन कुणी बायकोला मारलं नाही."

याला मी लगेच काहीतरी लिहिलं आणि पुसलं. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान मागितलं होतं, उभी बाटली की आडवी बाटली. आई आणि वहिनी घरोघर फिरल्या होत्या. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, दुकान गेलं. मी तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होतो. सुटीत आलो तेव्हा फाट्यावरच्या धाब्यावर बसून मित्रांबरोबर याच बायकांच्या नकला केल्या. दुकान गेल्यावर खरीखुरी हातभट्टी ओढ्याकाठी लागली, हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे आणि तो मी नंतर ग्रुपवर लिहिलाही. वहिनींनी वाचला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही.

पाण्यावरून तात्यांनी टोमणा मारलाच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, दारू कारखान्यांच्या पाण्यात कपात करा म्हणून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं, आणि हे बिअर शिकवतात! मी लिहिलं, पाच लिटर बिअरला दहा-बारा लिटर पाणी, तुमच्या उसाचं बोला. ऊस तात्यांचाच आहे, म्हणून झोंबलं.

ग्रुपवर न लिहिलेलं इथं लिहितो. उकळलेली बिअर झटपट गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं तिच्यात सोडतात आणि त्यातून नळाचं पाणी फिरवतात. दहा लिटरला चाळीस-पन्नास लिटर सहज जातं. इथली मंडळी ते सरळ गटारात सोडतात. मला जमत नाही. मी बादल्या लावून बसतो. पहिलं कढत पाणी भांड्यांना, मधलं कपड्यांना, शेवटचं फरशीला आणि टॉयलेटला. बायको म्हणते, "अरे, खिडकीतून पेग्निट्स वाहताना दिसते." दिसते. पण दहा-बारा दिवसांनी येणाऱ्या नळाला रात्री दोन वाजता उठून घागरी लावलेला हात आहे हा, त्याला नदी दिसत नाही.

पुतण्याचा मधे फोन आला. माडीवरचं सामान तात्यांनी भंगारवाल्याला दिलं, यीस्ट तेवढं फ्रीजमध्ये लपवलंय म्हणाला. मग म्हणाला, "काका, तुम्ही ग्रुपवर 'आमच्याकडे' लिहिता, ते कुठं?" फोन ठेवून मी सगळं वर सरकवून वाचलं. तीन ठिकाणी जर्मनी, एका ठिकाणी लातूर, आणि एका ठिकाणी मलाच कळेना.

परवा जवारीची बिअर करून बघायला घेतली. जवापेक्षा जवारीचं पीठ जास्त उष्णतेला शिजतं, तोवर साखर करणारा मोडातला गुण मरून जातो. म्हणून पीठ आधी वेगळं शिजवायचं. मागच्या खेपेला नुसती कण्यांची पेज झाली होती. आईनं दिलेली जवारी भिजवली, मोड आले आणि सहज म्हणून आईला फोन लावला.

"कोंब चोळून काढ सगळे," ती म्हणाली. "कोवळी जवारी बैलालाबी घालत नाहीत. इख असतं त्यात." ते खरंच आहे, कोंबातून सायनाइड सुटतं. "पण मोड कशाला आणलास?"

"आंबील करलालाव."

"आंबिलाला मोड नसतात."

मी काही बोललो नाही. तिकडं मागं कुकरची शिट्टी झाली.

"फुटंल का ती?" तिनं विचारलं.