कारकुनी आहेच, पण ती करणार कोण?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. नुसतं "पटलं नाही" लिहून न थांबता तुम्ही कुठे आणि का पटलं नाही तेही लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ऑडिओ सेशनमधल्या (म्हणजे संपादनाच्या प्रोजेक्टमधल्या) क्लिपना, कापलेल्या आवाजाच्या तुकड्यांना, ओळखीचे टॅग संपादन चालू असतानाच लावावेत, काय कुठे वापरलं याचा रिपोर्ट मागितल्यावर नव्हे. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे कारकुनाचं काम आहे, साउंड एडिटरचं नाही, फाइलला नीट नाव दिलं की पुरतं, फाइलमध्ये भरलेला मेटाडेटा (आवाजाबद्दलची माहिती) पहिल्या बाउन्सलाच, म्हणजे नवी फाइल काढतानाच, उडतो, मग भरायचा कशाला, आणि थोड्याच दिवसांत हे सगळं सॉफ्टवेअर आपोआप करेल. जाताजाता "असे लेख नवशिक्यांना घाबरवतात" हा टोलाही आहे, आणि तुमच्या हजारो क्लिपच्या एका जुन्या सेशनचा उल्लेखही.

मेटाडेटा उडतो, इथून सुरू करते, कारण तुमच्या मुद्द्यांत हा सगळ्यात वजनदार. उडतो, हे खरंच आहे. वेव्ह फाइलच्या बेक्स्ट नावाच्या माहितीच्या कप्प्यात वर्णन, फाइल कोणी तयार केली, तारीख आणि मध्यरात्रीपासून मोजलेले सॅम्पल (म्हणजे सुरुवातीची वेळ) अशी माहिती बसते. चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपणारा लोकेशन रेकॉर्डर आयएक्सएमएल या दुसऱ्या कप्प्यात सीन, टेक, ट्रॅकची नावं, शेरा लिहून ठेवतो. पण क्लिप कन्सॉलिडेट केली (तुकडे जोडून एकसंध केले) की नवी फाइल बनते आणि तिच्यात मूळचा सीन-टेक उतरेलच याची खात्री देता येत नाही. एमपीथ्री काढलीत तर बेक्स्टला तिथे जागाच नाही. म्हणूनच जे रिपोर्टमध्ये जायचं आहे ते फाइलच्या पोटात ठेवून निर्धास्त राहू नका, असं मी सांगते. ते क्लिपच्या नावात ठेवायचं, तेही सगळं नाही. एक आखूड क्रमांक तेवढा क्लिपच्या नावात, आणि बाकी तपशील त्या क्रमांकापुढे एका तक्त्यात. क्लिपचं नाव प्रो टूल्स या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट एक्स्पोर्टमध्ये (सेशनच्या मजकुरी यादीत) येतं, एएएफमध्येही, म्हणजे सेशन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या फाइलमध्येही, जातं. सीएमएक्स ३६०० पद्धतीच्या ईडीएलमध्ये (संपादनातल्या कटांच्या यादीत) रीलच्या, म्हणजे मूळ स्रोताच्या, नावाला आठच अक्षरं मिळतात, एम०७ (M07) सारखा क्रमांक तिथेही मावतो. बाउन्समध्ये बाकी काहीही गळालं तरी क्रमांकावरून तक्ता सापडतो.

यातच "फाइलचं नाव पुरतं" याचं उत्तर आहे. फाइल आणि क्लिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रो टूल्समध्ये क्लिपचं नाव बदलायला गेलात की फक्त क्लिपचं बदलू की डिस्कवरच्या फाइलचंही, असं विचारतो तो उगाच नाही. तासाभराची मुलाखत ही एक फाइल. तिचे तुकडे केलेत की सगळ्या तुकड्यांच्या मागे तीच एक फाइल. तुमचं ते नीटनेटकं नाव रिपोर्टच्या ओळीओळीत तसंच्या तसं येणार, आणि वाचणाऱ्याला त्यातून काही कळणार नाही. साउंड इफेक्टच्या लायब्ररीची गोष्ट निराळी. तिथे एक फाइल म्हणजे एक आवाज, त्यामुळे युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टिमसारखी अंडरस्कोअर घालून फाइलचं नाव रचायची पद्धत तिथे चोख चालते. तुम्ही लायब्ररीचा नियम सेशनला लावताय.

आता कारकुनीचं बघू. ही कारकुनी आहे, त्यात वाद नाही. प्रश्न एवढाच की ती दुसरं कोण करू शकतं. खालचं उदाहरण अगदी साधं आहे, वेळा तास:मिनिट:सेकंद अशा, मुद्दाम फ्रेमही सोडून दिल्यात.

एका माहितीपटात एक धून वाजते. सेशनमध्ये तिच्या तीन क्लिप आहेत. पहिली ०१:०४:१० ते ०१:०४:३२. तिच्याच खाली, त्याच वेळेवर, आधीच्या मिक्सची क्लिप म्यूट करून ठेवलेली. दिग्दर्शकाचं मन पालटलं तर हाताशी असावी म्हणून. तिसरी क्लिप शेजारच्या ट्रॅकवर ०१:०४:३० ते ०१:०४:५१, म्हणजे पहिलीवर दोन सेकंद चढलेली. संगीताच्या क्यू शीटमध्ये (वापरलेल्या संगीताच्या यादीत) या धुनेची एकच ओळ हवी: शीर्षक, संगीतकार, प्रकाशक, वापर कसा झाला आणि किती वेळ. पडद्यासोबत ती ४१ सेकंद ऐकू येते. एक्स्पोर्टमधल्या तीन कालावधींची आंधळी बेरीज केली तर ६५ येते. म्हणजे न वाजलेले २२ सेकंद आणि दोनदा मोजलेले २ सेकंद फुकटचे चढले, आणि रॉयल्टीचा हिशेब याच कागदावरून होतो.

तिन्ही क्लिपच्या नावात एम०७ असेल तर नावावर सॉर्ट केलं की त्या एकाखाली एक येतात, स्थितीच्या रकान्यात म्यूट दिसणारी वगळायची, उरलेल्यांची पहिली सुरुवात आणि शेवटचा शेवट घ्यायचा, ४१. मिनिटभराचं काम. (पूर्ण ट्रॅकच म्यूट असेल तर मात्र ते ओळीत दिसत नाही, ट्रॅकच्या वर शीर्षभागात लिहिलेलं असतं. नुसत्या ओळी उचलून एक्सेलमध्ये टाकणाऱ्यांच्या हातून नेमकं तेच मागे राहतं.) आणि नावं "ऑडिओ १२_०३-०१", "नवीन मिक्स फायनल २-०४", "ऑडिओ १५-०२" अशी असतील तर? या तिन्ही मिळून एकच धून आहे हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस, ज्याने त्या कापल्या तो. कारकून कितीही चोख असो, त्याला हे कळायला सेशन उघडून ऐकत बसावं लागेल. कापताना क्रमांक टाकायला दोन सेकंद लागतात. नंतर हेच काम म्हणजे वरातीमागून घोडं.

मागच्या लेखात एका गोष्टीला पुरेशी जागा देता आली नव्हती, ती मराठीत काम करणाऱ्यांना जास्त छळते. बेक्स्टमधली रकान्यांची मापं ठरलेली आहेत आणि तिथे आस्की (म्हणजे साधी इंग्रजी) अक्षरं अपेक्षित असतात. वर्णनाला २५६ बाइट, तयार करणाऱ्याच्या नावाला ३२. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. "प्रतिक्रिया" या शब्दात अशी अकरा चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट: तो एक शब्द त्या ३२ च्या रकान्यात मावत नाही! जो प्रोग्रॅम बिनबोभाट छाटतो तो मधूनच छाटतो, आणि शेवटच्या अक्षराच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. म्हणून क्रमांक रोमन लिपीत ठेवायचा आणि मराठी मजकूर तक्त्यात. तक्ताही सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) म्हणून काढून थेट डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण नसेल तर मराठीचा चिखल होतो. शिवाय ३-४ असा लिहिलेला सीन तारीख होऊन बसतो आणि ००७ चे नुसते ७ उरतात. डेटा इम्पोर्ट करून, ते रकाने टेक्स्ट म्हणून निवडून मग आत घ्यायचे.

सॉफ्टवेअर आपोआप करेल, याबद्दल थोडक्यात. कोणत्या क्लिपमध्ये काय बोललं गेलं हे यंत्र चांगलं लिहून देतं, मीही वापरते. पण तिसऱ्या टेकऐवजी पाचवा का ठेवला, या आवाजाचे हक्क कोणाचे, हा शेरा एडीआरसाठी (संवाद स्टुडिओत पुन्हा बोलून घेण्यासाठी) आहे की निव्वळ आठवणीसाठी, हे ध्वनीत नसतंच. जे ध्वनीत नाही ते ऐकून काढता येणार नाही.

नवशिक्यांना भीती वाटत असेल तर ती शेकडो रकान्यांची वाटते, आणि ती रास्त आहे. रकाने आधी ठरवून मग क्लिपमध्ये माहिती कोंबायची, हा उलटा रस्ता. रिपोर्ट कोणाच्या हातात जाणार आणि तो माणूस काय विचारणार, ते पाहायचं आणि तेवढंच टॅग करायचं. रूम टोनला (खोलीच्या नुसत्या शांततेच्या आवाजाला), फोलीच्या (स्टुडिओत करून घेतलेल्या) पावलांना मी काही लावत नाही. ते कोणी विचारत नाही.

तुमच्या त्या जुन्या, हजारो क्लिपच्या सेशनबद्दल: सगळं टॅग करायच्या भानगडीत पडू नका. फक्त संगीताचे ट्रॅक घ्या आणि तेवढ्याच क्लिपना क्रमांक द्या. तुम्ही रीपर हे सॉफ्टवेअर वापरता असं लिहिलंय, तर प्रत्येक धुनेवर एक रिजन (टाइमलाइनवरचा नाव देता येणारा पट्टा) टाकून त्याला क्रमांकाचं नाव द्या. रिजन-मार्कर मॅनेजरमधून यादी सीएसव्हीत निघते आणि रेंडर करताना तेच नाव फाइललाही देता येतं. एवढं सांभाळा की रिपल (एक सरकवलं की पुढचंही सरकवणारी सोय) बंद असताना आयटेम, म्हणजे रीपरमधली क्लिप, सरकवला तर रिजन त्याच्यामागे जात नाही, जागेवरच राहतो. तेव्हा यादी पिक्चर लॉक झाल्यावर (चित्राचं संपादन पक्कं झाल्यावर) काढा, आणि त्यानंतर कोणी "एवढं एकच गाणं जरा पुढे घेऊ" म्हणालं तर ती पुन्हा काढा.