घासा, बिनधास्त घासा!

वडिलांच्या कपाटात 1969 चा गांधी जन्मशताब्दीचा प्रूफ संच, म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारखी पाडलेली नाणी, सापडला? नशीबवान आहात. मुंबईच्या टांकसाळीतली नऊ नाणी, आणि त्यात मानाचं ते दहा रुपयांचं, चांदीचं. पण हे काय, ते तर काळवंडलंय! कडेला तांबूस-जांभळी झाक, आत निळसर पट्टा, आणि गांधीजींच्या चेहऱ्याशेजारी एक चॉकलेटी ठिपका. असलं नाणं चारचौघांत काढायचं म्हणजे अब्रूचाच प्रश्न. पण घाबरू नका. पन्नासहून जास्त वर्षांत मुंबईच्या हवेला जे जमलं नाही, ते तुम्हाला दहा मिनिटांत जमेल.

नाणं उचलताना अंगठा बरोब्बर मधोमध टेकवा. त्या वेळी काही दिसणार नाही, पण घामाचं काम चालू राहतं. काही महिन्यांनी तुमचा ठसा तिथे उमटेल, आधार कार्डापेक्षा स्पष्ट.

हातात धरून त्यावर तोंड नेऊन भरपूर बोला. थुंकीच्या बारीक शिंतोड्यांचे ठिपके नंतर फार शोभून दिसतात.

लक्ष्मीपूजनाला ते ताम्हनात ठेवायला विसरू नका. पंचामृत, हळद, कुंकू, सगळं साग्रसंगीत होऊ द्या. बंदा रुपया तर सगळेच पुजतात, तुमच्याकडे प्रूफ आहे.

आता मुख्य विधी. टूथपेस्ट घ्या, जुना ब्रश घ्या आणि गोल गोल घासा. गेल्या रविवारी आमचे एक स्नेही असाच संच घेऊन घरी आले. 'तुम्हाला नीट बघता यावं म्हणून सकाळीच चकचकीत करून आणलंय,' म्हणाले. खरंच चकचकीत होतं. दिव्याखाली जरा तिरकं धरलं तर ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा रेघा, कडेपासून मध्यापर्यंत. प्रूफ नाण्याचा ठसा, म्हणजे ज्याने नाणं छापतात तो साचा, आधी पॉलिश करतात, कोरी चकतीही पॉलिश करतात, मग एकाहून जास्त वेळा दाब देऊन नाणं पाडतात. तेव्हा कुठे ती मोकळी जागा आरशासारखी होते आणि चेहरा त्यावर दुधाळ उठून दिसतो. हा आरसा टांकसाळीतच होतो, बेसिनपाशी होत नाही. टूथपेस्टमध्ये दात घासायची खडी असते हो! तिने आरसा घासला की आरसा जातो, त्याला दुसरं काय होणार? आणि त्यांनी सर्वांत जोर कुठे लावला होता, माहितीये? चेहऱ्यासमोर एक बारीक वळलेली रेघ होती, केस चिकटल्यासारखी, त्या जागी. 'ही काही केल्या निघतच नव्हती.' निघेल कशी? ठसा पुसताना फडक्याचा धागा त्यावर राहिला आणि तसाच दाब बसला, म्हणून ती रेघ धातूत दबलेली आहे. ती नाण्याबरोबरच जन्माला आली. जन्मखूण घासून काढायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. वर पुन्हा विचारतात, 'आता भाव वाढला असेल ना?'

असो. उपाय सांगतोय.

चिंच-मीठ लावणार असाल तर रात्रभर ठेवा. तासाभरात काय होणार आहे!

शिकलेल्या घरांसाठी शास्त्रीय पद्धत: ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा, उकळतं पाणी. व्हिडिओत डाग जादूसारखा उडतो, कारण गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं. खाली जी चांदी उरते ती फिकी आणि मेलेली, हे व्हिडिओत सांगत नाहीत. संच मात्र अख्खाच भांड्यात सोडा. एक, दोन, तीन आणि पाच पैशांची नाणी ॲल्युमिनियमचीच आहेत, फॉइलचे पैसे वाचतील.

ठेवायची सोय? रबरबँड उत्तम, त्यात गंधक असतंच, काळा पट्टा हमखास. वर्तमानपत्राचा कागद, लोकरीची पिशवी, फोमचा डबा, काहीही चालेल. दारावर मिळतात ते मऊ प्लॅस्टिकचे कप्पे तर घ्याच. ते प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, ते हळूहळू पाझरतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवून ठेवलं की सोन्याहून पिवळं.

आणि विकत घेणार असाल तर इंद्रधनुषी नाणंच घ्या. 'नॅचरल टोनिंग आहे साहेब, रंग आपोआप चढलेत, गॅरंटी.' गॅसवर भाजलेलं नाणंही इंद्रधनुषीच दिसतं. घासून उघडं पडलेलं नाणं रंगवून विकायचा हा धंदा जोरात आहे, आणि त्याला कच्चा माल तुम्हीच पुरवता!

पुरे झालं. अहो, काळं पडलंय म्हणजे घाण लागलेली नाही. हवेतलं गंधक चांदीला लागून तिच्यावर सूक्ष्म थर धरतो. थर जाड होईल तसा रंग पिवळा, तांबूस, निळा, काळा असा बदलत जातो. तो घासता तेव्हा चांदीच घासून काढता. कळत नसेल तर हात लावू नका, एवढंच करायचंय, तेही जमत नाही? हिरवा चिकटा असेल तेवढाच काढायचा: शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅस बंद करून. नुसतं बुडवायचं, पुसायचं नाही, चोळायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे शुद्ध ॲसिटोन नव्हे. मग कडेला धरून कडक कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या मापाच्या डबीत, ठेवा, सिलिका जेलची पुडी टाका आणि कपाट बंद करा.

आणि घासून झाल्यावर 'किती लाख येतील?' म्हणून मला फोटो पाठवू नका. पंधरा ग्रॅमचं नाणं आहे, त्यात ऐंशी टक्के चांदी. बारा ग्रॅम चांदीचा आजचा भाव सोनाराला विचारा.