खुर्ची महाग, आणि ढकलणाऱ्याची कंबर फुकट?

परवा एका ग्रुपवर कुणीतरी टाकलं की हॉस्पिटलसाठी पेशंट न्यायची बॅटरीवाली खुर्ची दीड-दोन लाखाला पडते, आणि खाली सगळे तुटून पडले, एवढ्यात 20 साध्या व्हीलचेअर येतील, मग वॉर्डबॉय कशाला पोसलेत वगैरे वगैरे. मी 27 वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यामुळे गप्प बसवेना.

अहो वॉर्डबॉय आहेत कुठं? आमच्याकडे रात्रपाळीला दोन वॉर्डांत मिळून एक मामा. तो ऑक्सिजनचा सिलेंडर आणायला गेला की सिटीस्कॅनला पेशंट नेणार कोण, तर पेशंटचा मुलगा, त्याला बिचाऱ्याला ब्रेक कुठंय तेही माहीत नसतं, एका हातात सलाईनची बाटली वर धरलेली आणि दुसऱ्या हाताने खुर्ची रेटायची. आणि ती खुर्ची मिळायच्या आधी खिडकीवर आधारकार्ड जमा करायचं, हे वेगळंच.

रॅम्पचा नियम आहे 12 फुटाला 1 फूट चढ. 80 किलोचा माणूस आणि 20 किलोची खुर्ची धरा, तर एवढ्याशा चढावरसुद्धा सतत 8 किलोचा जोर लावून ठेवावा लागतो, तेपण चाकं धड असतील तर. आमचा रॅम्प जुना, याच्यापेक्षा चांगलाच खडा, लिफ्ट कायम बंद, आणि खुर्चीचं पुढचं एक चाक नेहमी आडवं पळणार. उतरताना तर खुर्चीच आपल्याला ओढत नेते. माझ्या कमरेची गादी सरकलीय ती असंच उचलून आणि ढकलून, तिचा खर्च कुठल्याच फाइलमध्ये लागला नाही.

आता किमतीचं. साधी घडीची खुर्ची 6-8 हजारात येते. मोटारवाली भारतात स्वस्तात बनत नाही असं नाही, आयआयटी मद्रासवाल्यांनी 2021 मध्ये निओबोल्ट काढली तेव्हा तिची किंमत 55 हजार होती. पण ती एका माणसाने स्वतः वापरायची, बाहेर रस्त्यावर फिरायची गाडी. हॉस्पिटलची खुर्ची दिवसभरात 30 वेगवेगळे हात चालवणार, रोज हायपोक्लोराइटने, म्हणजे जंतू मारायच्या औषधाने, पुसली जाणार, चढावर हात सुटला तर तिचा ब्रेक आपोआप लागला पाहिजे. पैसे तिथं जातात, आणि ते जायलाच पाहिजेत असं माझं मत.

पण थांबा, मी काय त्या विकणाऱ्यांची एजंट नाही. आमच्याकडे आल्या होत्या अशा दोन खुर्च्या. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. पहिले काही महिने इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मावशीसुद्धा एकटी पेशंट घेऊन वर यायची. मग बॅटऱ्या बसल्या. बसणारच, कारण रात्री चार्जर काढून त्या प्लगला कुणीतरी मोबाइल लावायचं, आणि ही लेड-अ‍ॅसिडची बॅटरी तशीच उतरलेली पडून राहिली की मरते. नवीन जोडी 10-12 हजाराची. इंडेंट (मागणीचा कागद) टाकला तर स्टोअरवाले म्हणाले हे उपकरण आहे, बायोमेडिकलला, म्हणजे मशिनी सांभाळणाऱ्या विभागाला, विचारा, बायोमेडिकलवाले म्हणाले हे फर्निचर आहे. गंमत म्हणजे खुर्चीवर जीएसटी 5 टक्के आणि तिच्या सुट्या बॅटरीवर तेव्हा 28 (सप्टेंबर 2025 पासून 18 झालाय, तेवढंच समाधान). सहा महिने कागद फिरत होता, तोवर खुर्च्या जिन्याखाली, त्यांच्यावर पोछे वाळत.

म्हणून नुसती खुर्चीची किंमत बघून भांडू नका. टेंडरमध्ये 5 वर्षांचा हिशोब मागा, दोन वेळच्या बॅटऱ्या आणि दुरुस्ती धरून, आणि त्या आकड्यावर कोण स्वस्त ते ठरवा. नाहीतर सगळ्यात कमी भाववाल्याला ऑर्डर जाते आणि दुसऱ्या वर्षी तो फोन उचलत नाही. आणि प्रत्येक वॉर्डला नकोच ती, कॅज्युअल्टीला एक आणि रॅम्पच्या तोंडाशी एक बास झाली. बाकीच्या पैशात आहेत त्या साध्या खुर्च्यांचे बेअरिंग आणि टायर बदला, महिन्यातून एकदा मिस्त्री बोलवा, त्याला कितीसे लागतात!

आमच्या त्या दोन्ही खुर्च्या मी रिटायर झाले त्याच वर्षी निर्लेखनात, म्हणजे भंगारात, निघाल्या. इन्चार्ज म्हणून फॉर्मवर माझीपण सही आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, दुरुस्ती परवडत नाही.