ईएक्सटी४चं जर्नल बंद करू नका

“लिनक्सवर ईएक्सटी४चं जर्नल बंद करा. सगळं दोनदा लिहिणं थांबतं, एसएसडी जास्त टिकते, आणि लाइट गेलीच तर एफएससीके आहेच.” हा सल्ला सगळीकडे फिरतोय. ईएक्सटी४ ही लिनक्सची डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टीम. जर्नल म्हणजे बदल जागेवर करण्याआधी ते टिपून ठेवणारी तिची वही, आणि एफएससीके म्हणजे ही मांडणी तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम. तो ऐकून दुकानाच्या हिशोबाच्या मशीनवर कुणी जर्नल काढू नये, म्हणून हे लिहितोय.

सगळं दोनदा लिहिलं जातं? नाही. ईएक्सटी४ मुळात ‘ऑर्डर्ड’ मोडमध्ये चालते. फाइलमधला मजकूर एकदाच, थेट आपल्या जागी जातो. जर्नलमध्ये जातात त्या फक्त नोंदी: नाव, आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद), कोणते ब्लॉक वापरात आहेत. एसएसडीवरचं लिहिणं कमी करायचं असेल तर ‘नोएटाइम’ (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याचा पर्याय) लावून डिस्क माउंट करा, म्हणजे वापरासाठी जोडा.

“एफएससीके आहेच” हे मात्र सर्वांत घातक. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली की नवी नोंद पडते आणि जुनी पुसली जाते. जुनी पुसलेली डिस्कवर पोचली, नवी पोचायच्या आत लाइट गेली, तर फाइल कुठल्याच फोल्डरमध्ये उरत नाही. एफएससीके तिला ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये टाकतं, नावाच्या जागी नुसता आकडा. नाव गेलं ते गेलंच. शिवाय हे शोधायला त्याला सगळे आयनोड, सगळे फोल्डर पाच फेऱ्यांत तपासावे लागतात. लाखो फाइल्सच्या मोठ्या हार्ड डिस्कवर तासन्‌तास जाऊ शकतात. जर्नल असलं की त्यात पूर्ण नोंदलेले व्यवहार (एकत्र करायच्या बदलांचे गट) पुन्हा लागू होतात, अर्धवट सोडून दिले जातात. तेवढाच भाग वाचायचा असल्याने हे बहुधा काही सेकंदांत उरकतं. जर्नल नसलेल्या जुन्या ईएक्सटी२वाल्यांची ही रखडपट्टी संपावी म्हणूनच नोव्हेंबर २००१मध्ये २.४.१५ कर्नलात (लिनक्सच्या गाभ्यात) जर्नलवाली ईएक्सटी३ आली.

“गूगलही जर्नलशिवाय चालवतं.” खरंय, कर्नल २.६.२९मधली ती सोय त्यांच्याच इंजिनिअरांनी दिली. पण त्यांच्या डेटाच्या प्रती इतर मशीनवर असतात. तुमच्या आहेत का?

यूपीएस असला तरी कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच अचानक बंद पडणं, चुकत नाही; तेव्हाही धोका तोच.

“जर्नल असूनही फाइल्स रिकाम्या होतात” यात तथ्य आहे. जर्नल रचना सांभाळतं, डिस्कवर न पोचलेला मजकूर नाही. तो पोचवायला प्रोग्रामने एफसिंक (‘आत्ताच डिस्कवर लिही’ हा आदेश) करायला हवं. २००९मध्ये ईएक्सटी४वर शून्य बाइटच्या फाइल्सवरून मोठा वाद झाला, तो यावरूनच. पण जर्नल काढून हा दोष जात नाही. उलट रचनाही धोक्यात येते.

आधीच बंद केलं असेल तर पार्टिशन अनमाउंट करून एफएससीके पूर्ण चालवा आणि ट्यूनटूएफएस या फाइल सिस्टीमची रचना बदलणाऱ्या साधनाने जर्नल परत जोडा. फॉरमॅट करावं लागत नाही.