दुरुस्ती-देखभालीचं हेड

रोमहून पॉम्पेईला सकाळी निघून रात्री परत येता येतं. तेर्मिनी स्टेशनवरून वेगवान गाडी सव्वा तासात नेपल्सला सोडते. तिथं एक जिना खाली उतरून व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याला वळसा घालत जाणारी लोकल पकडायची. डब्यांवर बाहेरून इतके रंग फासलेले असतात की आई म्हणाली, "ही गाडी नक्की चालू आहे ना?" चालू होती. दारात उभं राहायची सवय असलेल्या माणसाला ती आपलीच वाटते. पाऊण तासाच्या आत 'पॉम्पेई स्काव्ही' अशी पाटी आली.

"स्काव्ही म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"उत्खनन."

"म्हणजे स्टेशनचं नावच उत्खनन? बरंय."

बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी धाराशिव, बार्शी, कळंब अशी. मी रोममध्ये नऊ वर्षं आहे. आई-बाबा पहिल्यांदाच आले होते, आणि माझ्या मनातली त्यांची सहल व्हॅटिकनपासून सुरू होत होती. बाबांनी मात्र आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "ते राखेत बुडालेलं गाव दाखव."

गाडीत बसल्या बसल्या मी आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप उघडला. तिथं आठवडाभर एकच वाद पेटला होता. कुणीतरी दोन फोटो जोडून टाकले होते. डावीकडे पॉम्पेईचा लखलखीत दगडी रस्ता, उजवीकडे एका गडावरच्या टाक्यात तरंगणाऱ्या बाटल्या. खाली ओळ होती, 'त्यांनी जपलं, आपण घालवलं'. त्यावर दोन तट पडले. एक म्हणत होता, जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आता तरी तिकीट लावा, माणसं मोजून सोडा. दुसरा म्हणत होता, महाराजांच्या गडावर जायला मावळ्याला परवानगी कसली मागता? मध्येच कुणीतरी रोपवेचा विषय काढला आणि मग सगळंच हाताबाहेर गेलं. मला टॅग करून विचारलं होतं, 'तू तिथं राहतेस, तूच सांग.'

मी तिथंच राहते, म्हणून डाव्या फोटोबद्दल थोडं सांगू शकते.

६ नोव्हेंबर २०१०. त्या दिवशी पहाटे पॉम्पेईतली एक अख्खी इमारत पावसात कोसळली. ग्लॅडिएटरांचं घर म्हणून लोक तिला ओळखायचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंती होत्या, पण १९४३ साली दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात तिचं नुकसान झालं होतं आणि नंतरच्या डागडुजीत तिच्या डोक्यावर जड काँक्रीटचं छप्पर बसवलं होतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्जो नापोलितानो म्हणाले, ही साऱ्या इटलीला लाज आणणारी गोष्ट आहे. त्यानंतर युरोपीय संघाच्या मदतीनं १०५ दशलक्ष युरोंचा मोठा प्रकल्प सुरू झाला. फोटोतला लखलखीत रस्ता बराचसा त्यानंतरचा आहे. २०१० साली हाच ग्रुप असता, तर डाव्या बाजूला दगडांचा ढीग लागला असता. इटालियन लोक स्वतःबद्दल काय बोलतात ते ऐकलं की मला घरीच असल्यासारखं वाटतं. माझ्या ऑफिसातली एक बाई सारखी म्हणते, "हे जर्मनांकडे असतं ना, तर त्यांनी नीट ठेवलं असतं." प्रत्येकाचा 'त्यांनी जपलं'वाला शेजारी कुठंतरी उत्तरेला असतो.

हे मी बाबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "काम कोसळलं की पैसा येतो. कोसळू नये म्हणून कुणी देत नाही. मी तीस वर्षं कालव्यावर काय केलं? नवीन कामाला बजेटात हेड असायचं. दुरुस्ती-देखभालीच्या हेडला शिल्लक नाही, म्हणायचे."

आत गेल्यावर बाबांनी पहिल्यांदा बघितले ते रस्ते. पॉम्पेईत पदपथ चांगले उंच आहेत आणि रस्ता ओलांडायला मध्ये मोठाले दगड टाकलेत, कारण रस्त्यातूनच पाणी वाहायचं. दगडांच्या मधून गाड्यांची चाकं जायची. त्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून आहेत, बोट घातलं तर पेरभर आत जातं. चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो, पण दोन हजार वर्षं जुनी चाकोरी मी हातानं पहिल्यांदाच चाचपली. बाबा खाली बसून वितीनं दोन दगडांमधलं अंतर मोजत होते. आई इकडेतिकडे बघत म्हणाली, "अहो, लोक बघतायत." लोक खरंच बघत होते. मग एका जपानी माणसानंही वाकून मोजलं.

कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी हौद आहेत. त्यातल्या काहींना आजही चालू तोट्या आहेत, लोक बाटल्या भरून घेतात. शिशाचे नळ काही ठिकाणी पदपथाच्या कडेला उघडे दिसतात. गावाच्या वरच्या अंगाला पाणी वाटणारी टाकी होती. बाबांना ती बघायची होतीच, पण आईचे गुडघे बोलायला लागले होते. ६६ हेक्टरांचं गाव आहे, आणि त्याचा तिसरा हिस्सा अजून मुद्दाम मातीखाली ठेवलाय. न खणलेल्या भागात गवत माजू नये म्हणून दीडशे मेंढ्या सोडतात. हे ऐकून आई ताजीतवानी झाली. "धनगर कुठला ठेवलाय?" आमच्याकडे दर रविवारी पोरं स्वतःच्या पैशानं एसटीनं जाऊन गडावरची निवडुंग-घाणेरी उपटतात, बुरुजातला पिंपळ काढतात. त्यांच्यापुढे मी मान तुकवते. पण पिंपळ सोमवारीही वाढतो. पॉम्पेईत मला हेवा वाटला तो एका भिंतीशी स्टुलावर बसलेल्या बाईचा. हातात छोटा ब्रश आणि सिरिंज घेऊन ती गिलाव्याच्या पोकळ जागेत काहीतरी सोडत होती. तिच्याभोवती ना फीत कापली जात होती, ना कुणी फोटो काढत होतं. महिन्याच्या शेवटी तिला पगार मिळतो, एवढंच तिचं इतिहासप्रेम मला पुरेसं वाटलं.

भिंतींवर नावं कोरायची हौस फक्त आपल्यालाच आहे असं समजू नका. पॉम्पेईच्या भिंतींवर हजारो मजकूर आहेत. निवडणुकीचा प्रचार, शिव्या, प्रेम, उधारी, सगळं. एकानं तर लिहून ठेवलंय की, हे भिंती, इतक्या लोकांचं रटाळ लिखाण सोसून तू अजून कोसळली नाहीस याचंच मला नवल वाटतं. दोन हजार वर्षांनी त्याला काचेमागं जपतात. आज कुणी तिथं खिळ्यानं नाव कोरलं तर पोलीस धरतात. जंजिऱ्यावर कुणी 'पिंट्या लव्ह्ज' लिहिलं तर तेही पुढे जपतील का, असं आईनं विचारलं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता गर्दीकडे येते, कारण ग्रुपवरचं भांडण त्यावरच आहे. २०२४ साली पॉम्पेईला ४० लाखांहून जास्त लोक आले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून दिवसाला २० हजारांची मर्यादा घातली आणि तिकिटावर नाव छापायला सुरुवात केली. ही गोष्ट इकडून तिकडे उचलून नेता येईल का? मला नाही वाटत. पॉम्पेई आज कुणाचंच घर नाही. इथं कुणी नवस फेडायला येत नाही, घोषणा देत नाही, मूठभर माती कपाळाला लावत नाही. रायगडावर ६ जूनला येणारा माणूस पर्यटक नसतो, तो घरी आलेला असतो. त्याला 'तुमचा नंबर २० हजार एक' म्हणून परत पाठवणं कुठल्याही अधिकाऱ्याला जमणार नाही, आणि जमूही नये. पण म्हणून बाकीच्या ३६४ दिवसांवर, रविवारच्या सकाळी एका अरुंद दरवाज्यात अडकलेल्या दोन हजार लोकांवर काही बोलायचंच नाही, हेही मला पटत नाही. 'मावळ्याला परवानगी कसली' म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं, की गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद व्हायचे आणि ते उघडायला हुकूम लागायचा.

बाबांचं म्हणणं सोपं होतं. "शेजपाळी लाव म्हणावं, एकेकाची पाळी. पाणी सगळ्यांचंच असतं. पण एकदम सोडलं की टेलच्या शेतकऱ्याला काही मिळत नाही आणि वरच्याचं शेत वाहून जातं." मी हे जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. चार अंगठे आले आणि एकानं विचारलं, टेल म्हणजे काय.

दुपारी नेपल्सला परतून पुराणवस्तू संग्रहालयात गेलो. मला एकच वस्तू दाखवायची होती, आणि ती कुठं ठेवलीय हे मी आई-बाबांना आधी सांगितलं नव्हतं. पॉम्पेईत सापडलेली बरीच शृंगारिक चित्रं आणि शिल्पं एका वेगळ्या दालनात ठेवलेली आहेत. त्याचं नावच 'गुप्त दालन'. दीडशेहून जास्त वर्षं ते कधी उघडं, कधी कुलूपबंद असायचं. २००० सालापासून कायमचं उघडं आहे. आईनं आत पाऊल टाकलं, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि पदर सावरत म्हणाली, "अगं, हे काय दाखवायला आणलंस आम्हाला?" बाबा एकाएकी पाट्या वाचण्यात अतिशय गढून गेले.

ती एका काचेत उभी होती. वीतभरापेक्षा थोडी उंच, हस्तिदंताची. कोपरापर्यंत बांगड्या, पायात गुडघ्यापर्यंत चढलेले वाळे, दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान धरलेल्या दोन चिमुकल्या दासी. १९३८ साली ती पॉम्पेईतल्या एका घरात सापडली. ज्या रस्त्यावर २०१० ची ती इमारत कोसळली, त्याच रस्त्यावरचं हे घर. लक्ष्मी म्हणून तिचं नाव पडलं, आता बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ चा, म्हणजे ही त्याच्या आधीच इटलीत पोचलेली. आणि तिच्या जवळच्या नात्यातल्या हस्तिदंती बायका सापडल्या आहेत त्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि आमच्या धाराशिवजवळच्या तेरला.

"आपल्या तेरला?" बाबा म्हणाले. "गोरोबाकाकांच्या?"

त्याच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक व्यापारी टिपणात तेरचं नाव तगर असं येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथून कापड येतं, असं त्यात लिहिलंय. तो माल भडोचच्या बंदरातून रोमन जगात जायचा. याच व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेलेला रोमन लेखक प्लिनी तक्रार करून गेलाय की हिंदुस्थान दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. त्यातले थोडेफार तेरच्या कोष्ट्यांपर्यंत पोचले असतील, असं समजायला मला आवडतं.

ग्रुपवरच्या वादात तेर कुठंच नव्हतं, भोकरदनही नव्हतं. रोमशी आमची तुलना चालली होती ती सतराव्या शतकातल्या गडांची. रोमच्या काळातली, रोमशी व्यापार करणारी आमची स्वतःची गावं कुणाला आठवलीच नाहीत. तिथं तट नाही, बुरुज नाही, सेल्फीला मागं दरी नाही. ढिगाऱ्यावर शेती आणि घरं. तेरला जे थोडं वाचलं, ते रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसानं एकेक खापर, एकेक मणी गोळा केला म्हणून. त्यांच्या नावानं सरकारी संग्रहालय आहे आणि तेरची ती हस्तिदंती बाई तिथं आहे. बाबांची सगळी नोकरी तिथून तासाभराच्या आत गेली. संत गोरोबाकाकांच्या समाधीला ते दरवर्षी जायचे. संग्रहालयात एकदाही नाही.

"चालू असायचं का कुणास ठाऊक," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मीच कधी विचारलं नाही."

परतीच्या गाडीत आई खिडकीला टेकून झोपली. बाबांनी लहानपणी कुर्डूवाडी ते लातूर बार्शी लाईट या छोट्या रेल्वेनं केलेल्या प्रवासाचं काहीतरी सांगायला घेतलं, चढावर लोक उतरून चालायचे वगैरे, आणि अर्ध्यातच थांबून धाराशिवला माझ्या चुलतभावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते.

"झोपला होतास का रे? बरं, ऐक. रविवारी तेरला जा."

"का काका, काही कार्य आहे का?"

"नाही. संग्रहालय किती वाजता उघडतं ते बघून ये. आणि छप्पर गळतंय का, तेही बघ."