टाकीचं झाकण रोज उघडायला सांगणारा तो मेसेज, आणि त्याला माझं उत्तर

रविवारी सकाळी परळला मामांकडे गेलो तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिरतानाच पेट्रोलचा भपकारा आला. मी 14 वर्षं भांडुपला टू-व्हीलरचं गॅरेज चालवतोय, हा वास मला झोपेतही कळतो. आधी वाटलं कुणाची तरी गाडी गळतेय. पुढे जाऊन बघतो तर मामांची स्कूटर, सीट वर केलेली, टाकीचं झाकण काढून फूटबोर्डवर ठेवलेलं आणि मामा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. पाच पावलांवर मीटर रूमचं दार. त्याला लागून सोसायटीच्या गणपतीचं छोटं देऊळ, आणि तिथे निरांजन लावलेलं, चालू.

मी धावत जाऊन झाकण लावलं आणि मामांवर ओरडलो. ज्या माणसाने मला सायकल शिकवली त्यांच्यावर आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. ते बिचारे गोंधळून म्हणाले, "अरे, आतला गॅस काढतोय, रोज दहा मिनिटं. ग्रुपवर आलंय, इंडियन ऑइलने सांगितलंय."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेलच, दर एप्रिल-मेमध्ये फिरतो. थोडक्यात असा: येत्या दिवसांत तापमान वाढणार आहे, टाकी फुल करू नका, स्फोट होईल, अर्धीच भरा म्हणजे हवेला जागा राहील. या आठवड्यात फुल टाकीमुळे 5 स्फोट झालेत. दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस जाऊ द्या. मामांकडे आलेल्या मेसेजमध्ये खाली अजून दोन ओळी चिकटवल्या होत्या, की हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे गॅस जास्त बनतो, आणि म्हणूनच कंपन्या लाखो गाड्या परत बोलावतायत. शेवटी हात जोडलेले आणि "जनहितार्थ, इंडियन ऑइल".

पहिलं म्हणजे हे इंडियन ऑइलचं नाहीच. उलट 2022 मध्ये कंपनीने स्वतः जाहीर करून सांगितलं की ही अफवा आहे, गाडी बनवणारे कमाल तापमान, वापर, सगळं धरून आणि वर सुरक्षेची जागा ठेवूनच टाकीची मर्यादा ठरवतात, त्यामुळे त्या मर्यादेपर्यंत पेट्रोल-डिझेल भरणं उन्हाळा असो की हिवाळा, पूर्ण सुरक्षित आहे. ज्यांच्या नावाने मेसेज फिरतोय तेच नाही म्हणतायत, आणि तरी दर वर्षी तोच मेसेज, तेच 5 स्फोट, ना गावाचं नाव ना तारीख. त्या 5 स्फोटांवर मी यापेक्षा जास्त वेळ घालवणार नाही.

आता झाकण. ह्या मुद्द्यासाठीच मी हे लिहायला बसलोय, बाकी सगळं एकवेळ सोडून दिलं असतं.

पेट्रोल नुसतं उन्हाने पेटत नाही. ठिणगी किंवा ज्योत नसताना आपोआप पेट घ्यायला त्याला 250 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. मुंबईचा आजवरचा उच्चांक 42.2, तोही 1952 सालचा. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात भाजेल इतका तापेल, तरी 250 च्या जवळपाससुद्धा जात नाही. पण पेट्रोलची वाफ ही वेगळी गोष्ट आहे. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने सोडतच असतं, आणि त्या वाफेला फक्त एक ठिणगी पुरते.

मग बंद टाकीत रोज ती वाफ असताना काही होत कसं नाही? कारण वाफ पेटायला हवेत तिचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के लागतं. बंद टाकीत आपल्या हवामानात हे प्रमाण त्याच्या कितीतरी वर असतं, वाफ इतकी दाट की पेटायला लागणारी हवाच आत पुरेशी नसते. झाकण उघडलंत की ती वाफ बाहेर येते, हवेत मिसळते, पातळ होते, आणि नेमकी पेटण्याजोगी होते. म्हणजे जी गोष्ट आत निरुपद्रवी होती ती तुम्ही स्वतःच्या हाताने बाहेर काढून धोकादायक केलीत. आणि ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर जाऊन निघून जात नाही, जमिनीलगत पसरते, पार्किंगच्या कोपऱ्यात, गटाराच्या जाळीत, पाण्याच्या पंपाच्या खड्ड्यात साठते. आपल्या बिल्डिंगींत तळमजल्याला काय काय असतं बघा ना, मीटर, पंपाची मोटर आणि तिचा स्टार्टर, वॉचमनची कछवा अगरबत्ती, कुणीतरी येता-जाता ओढलेली विडी. मामांच्याकडे तर निरांजन होतं, पाच पावलांवर. आणि मेसेजमध्ये लिहिलंय "दिवसातून एकदा". रोज. उघडी टाकी. मला अजून तो प्रकार आठवला की पोटात गोळा येतो.

आणि ह्याची गरजच नाही, कारण टाकीला श्वास घ्यायची सोय आधीच असते. जुन्या गाड्यांत झाकणातच बारीक छिद्र किंवा व्हॉल्व असतो. बीएस6 गाड्यांत (प्रदूषणाचे नवे कडक नियम पाळणाऱ्या, 1 एप्रिल 2020 पासून सगळ्या नव्या गाड्या) टाकीतून एक पाईप कोळशाच्या कॅनिस्टरला, म्हणजे डब्याला, जातो, कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ती खेचून जाळून टाकतं. झाकण उघडताना "फुस्स" येतो तो ऐकून लोकांना वाटतं आत दाब तुंबलाय. थोडासा फुस्स चालतो. दर वेळी मोठा येत असेल आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर जाऊन आचके देऊन बंद पडत असेल, झाकण सैल केल्यावर परत चालू होत असेल, तर ब्रीदर, म्हणजे टाकीची ही श्वास घ्यायची वाट, चोंदलाय, त्यात धूळ बसते, कधी कुंभारमाशी घर करते. तो साफ करून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम.

अर्धी टाकी, हवेला जागा. हे ऐकायला पटतं कारण पेट्रोल तापल्यावर फुगतं हे सगळ्यांना माहितीय. किती फुगतं ते कुणी बघत नाही. एका अंशाला साधारण हजारात एक भाग. स्कूटरची टाकी धरा 5 लिटरची, आणि उन्हात पेट्रोल 30 वरून 50 अंशांवर गेलं असं धरा, तर वाढ होते जेमतेम 100 मिली, टपरीवरचा एक कटिंग. एवढी जागा मर्यादेच्या वर बनवणाऱ्याने मुद्दाम सोडलेली असते. त्यासाठी अर्धी टाकी रिकामी ठेवायचं कारण नाही. उलट अर्ध्या टाकीत मोकळ्या जागेत वाफच जास्त असते आणि पावसाळ्यात त्याच जागेतला ओलावा पेट्रोलमध्ये उतरतो, जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे पाणी झालेल्या टाक्या येतात त्यातल्या बऱ्याच महिनोन्महिने अर्ध्यावर चालवलेल्या असतात.

आता जे खरंय ते मान्य करतो, मनात नसलं तरी. टाकी फुल करणं आणि गळ्यापर्यंत भरणं ह्यात फरक आहे. पंपावर नोझल आपोआप "टक" करून बंद होतं, तिथे टाकी फुल झाली. त्यानंतर "राउंड फिगर करू का साहेब" म्हणून पोरगा अजून दोन-तीनदा दाबतो ते नको म्हणा. ते जास्तीचं पेट्रोल सोडलेली जागा खातं, मग गाडी स्टेशनबाहेर दिवसभर उन्हात साइड स्टँडला, आणि संध्याकाळी खाली ओला डाग. कॅनिस्टरवाल्या गाडीत ते पेट्रोल थेट कोळशात उतरतं, कोळसा भिजला की गाडी गरम असताना पटकन स्टार्ट होत नाही आणि वास मारत राहते. असे कॅनिस्टर मी काढलेत, उलटा केला की चहासारखं गळतं. बाइकच्या टाकीत तोंडाशी आत एक पट्टी किंवा कड दिसते, पेट्रोल तिच्या खालीच राहू द्या.

आणि ह्या बाबतीत एक रिकॉलही झालाय, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्यात. एप्रिल 2014 मध्ये मारुतीने 1,03,311 गाड्या बोलावल्या होत्या, स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा, टाकीत पेट्रोल घालायची जी नळी असते, फिलर नेक, ती बदलायला. ऑटो कट-ऑफच्या पुढे भरलं तर पेट्रोलचा वास येऊ शकतो आणि क्वचित गळू शकतं, असं कारण होतं. बघा, वास आणि गळती. स्फोट नाही. आणि दोष नळीत होता, ती फुकट बदलून दिली.

रिकॉलवाली ओळ मला झाकणाच्या खालोखाल घातक वाटते कारण ती वाचून लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि खरी गोष्ट करत नाहीत. गाड्या परत बोलावल्या जातात त्या उन्हाळ्यासाठी नाही, एखाद्या ठरावीक पार्टमधल्या ठरावीक दोषासाठी. जुलै 2020 मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या बोलावल्या, फ्युएल पंपासाठी. होंडा कार्सने 2020 मध्ये 65,651, 2021 मध्ये 77,954 आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 90,468 गाड्या, तिन्ही वेळा फ्युएल पंपासाठी. पंपात एक छोटं पंख्यासारखं चाक असतं, इम्पेलर, होंडाच्या गाड्यांत त्यात दोष निघाला. चाक अडकलं की पेट्रोल पुढे जात नाही, इंजिन बंद पडतं किंवा चालूच होत नाही. धोका कुठला आहे मग? ईस्टर्न एक्स्प्रेसवर तिसऱ्या लेनमध्ये ऐंशीच्या स्पीडला गाडी अचानक मेली आणि मागून ट्रेलर येतोय, हा धोका आहे. टाकी अर्धी ठेवून किंवा झाकण उघडून त्या इम्पेलरला काही फरक पडत नाही.

गळतीचे रिकॉलही आहेत, ते लपवत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये 40,618 वॅगनआर बोलावल्या, पेट्रोलचा पाईप लोखंडी क्लिपला घासत असू शकतो म्हणून. केटीएमने 2025 मध्ये ड्यूकच्या 2024 मॉडेलमधल्या काही बाइक जगभर बोलावल्या, टाकीच्या झाकणाच्या सीलला चीर पडून पेट्रोल झिरपू शकतं म्हणून. झाकणाचं सील नीट बसत नाही म्हणून कंपनी बाइक परत बोलावते, आणि आपण मेसेज वाचून ते झाकणच काढून ठेवतो!

बरं, रिकॉल म्हणजे गाडी भंगार असा अर्थ नाही, आणि सर्व्हिस सेंटरची पैसे काढायची आयडिया तर अजिबात नाही. काम फुकट होतं. 2012 पासून गाडी कंपन्या स्वतःहून करतच होत्या, आता मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 110अ आहे, आणि 1 एप्रिल 2021 पासूनच्या नियमांप्रमाणे सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, टाळाटाळ केली तर 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. तुम्ही फक्त आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकायचा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे नक्की करा, कारण कंपनीचा फोन पहिल्या मालकाला जातो आणि तो उचलून म्हणतो गाडी विकली.

इथेनॉलचं थोडक्यात. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल पडलं की वाफ किंचित वाढते, खरंय, पण टाकी फुटण्याशी त्याचा संबंध नाही. खरी अडचण रबराची आहे. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे पाईप, ओ-रिंग ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, धरून बनवलेत. पंधरा-वीस वर्षांच्या कार्ब्युरेटरवाल्या बाइकला तसे नाहीत, त्यांचं रबर फुगतं, मऊ होतं, मग कडक होऊन चिरा जातात.

आणि गाड्या खरंच पेटतात त्या कशाने, तर बहुतेक वेळा पेट्रोल भलत्या ठिकाणी पोचल्यामुळे किंवा वायरिंगमुळे. गेल्या महिन्यात एक बाइक आली, तक्रार होती "ॲव्हरेज देत नाही". टाकी उचलली तर टाकीखालच्या पेट्रोल कॉककडून कार्ब्युरेटरला जाणारा पाईप टोकाशी तडकलेला, क्लिप कधीच गेलेली, तिथे कुणीतरी बांधकामाची तार पिळून लावलेली, आणि त्या तारेने पाईप अर्धा कापलेला. खाली बोटभर अंतरावर गरम इंजिन, त्यावर पेट्रोल सुकल्याचे तपकिरी ओघळ. मालक म्हणाले, वास यायचा हो, पण वाटलं पेट्रोलच्या गाडीला वास यायचाच. नाही यायचा. बंद उभ्या गाडीला पेट्रोलचा वास येत असेल तर ती चालवू नका, आधी दाखवा. आपल्या मुंबईत उंदीर पाईप कुरतडतात, कार बरेच दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून बघूनच सुरू करा. बाहेरून हॉर्न-लाईट लावताना फ्यूज न टाकता थेट बॅटरीला जोडून घेऊ नका. ह्या गोष्टींचा मेसेज मला 14 वर्षांत एकदाही आला नाही.

त्या रविवारी मामांच्या स्कूटरचं झाकण मी बघितलं, रोज काढघाल करून आतली रबरी रिंग एका बाजूला दुमडली होती, दुसऱ्या दिवशी नवीन टाकून दिली. आमचा आवाज ऐकून वरचे काका खाली आले होते, त्यांच्याकडे सहा वर्षांची सेकंडहँड कार आहे. त्यांचा चासी नंबर तिथेच मोबाईलवर टाकला तर गाडी यादीत निघाली, फ्युएल पंप, कधीपासूनच जाहीर झालेला. त्यांना पत्ताच नव्हता, दर शनिवारी नातीला घेऊन पनवेलला जातात त्याच गाडीने. गुरुवारी पंप बदलून मिळाला, बिलावर शून्य रुपये.