चर्चमध्ये शाळा भरते म्हणून कोणाचं काय बिघडलं?

आज सकाळी आमच्या लंडनच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी हॅम्पस्टेडच्या सेंट स्टीफन्स चर्चचा फोटो टाकला, खाली लिहिलेलं, "चर्चची शाळा झाली, संपला यांचा धर्म", आणि त्यावर टाळ्यांचे इमोजी. लगेच एका काकांचं उत्तर, देवाच्या जागेत पोरांचा धिंगाणा, आपल्याकडे असलं कोणी खपवून घेतलं नसतं. काका वयाने मोठे, ग्रुपवर काही बोलले नाही, पण दिवसभर डोकं तापलंय म्हणून इथे लिहितेय.

आपल्याकडे खपवून घेतलं नसतं? अहो, माझ्या बाबांची पहिली ते चौथी गावच्या मारुतीच्या देवळात झाली! सभामंडपात दगडी खांबाला फळा टेकवलेला, एका बाजूला पहिली-दुसरी, दुसऱ्या बाजूला तिसरी-चौथी आणि सगळ्यांना मिळून एकच गुरुजी. शनिवारी तेल घालायला बायाबापड्या यायच्या तेव्हा पोरं पिंपळाखाली जाऊन पाढे म्हणायची. मारुती बाटला नाही की रुसला नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या आईवडिलांची शाळा अशीच देवळात नाहीतर चावडीत भरायची, आठवून बघा.

आता त्या चर्चबद्दल. मी त्याच्यावरून नेहमी जाते, रॉयल फ्री हॉस्पिटलला अगदी खेटून आहे. जांभळट तपकिरी विटांचं, उंच मनोऱ्याचं, पहिल्यांदा बघितलं की जरा दडपायलाच होतं. सॅम्युअल सँडर्स ट्यूलन नावाच्या आर्किटेक्टने बांधलं, 1869 मध्ये ते सुरू झालं. हा माणूस राहायचा तिथेच शेजारी, हॅम्पस्टेड ग्रीनवर, आणि 1873 ला गेलाही तिथेच. म्हणजे शेवटची काही वर्षं घराबाहेर पडलं की समोर आपणच बांधलेलं चर्च. नंतरच्या लोकांना त्याची चर्चेस बटबटीत वाटायला लागली, काही पाडली, काही बदलून टाकली. हे राहिलं. पण खालची जमीन सरकणारी, भिंतींना तडे, प्रार्थनेला येणारी माणसं कमी कमी होत गेली आणि 1977 ला बंद झालं.

आणि मग वीसेक वर्षं ते तसंच पडून होतं. ग्रेड वन, म्हणजे इथल्या वारसा यादीतला सगळ्यात वरचा दर्जा, तरी पडून! त्या वीस वर्षांत "देवाची जागा" म्हणून कळवळणारे कुठे होते? कबुतरांनी घाण केली ती चालली, दगड मारून काचा फोडल्या ते चाललं, आणि चिमुरडी पोरं आत गाणी म्हणायला लागली की लगेच पावित्र्य आठवलं. शेवटी एका ट्रस्टने भाडेपट्ट्याने घेतलं, डागडुजी केली आणि 2009 मध्ये दारं परत उघडली. शेजारच्या चर्च हॉलमध्ये 1949 पासून लहान मुलांची शाळा होतीच, ती चर्चमध्येही आली. मला तर यापेक्षा चांगलं काही सुचत नाही. ऑक्सफर्डचं ऑल सेंट्स चर्च बघा, 1975 पासून लिंकन कॉलेजचं ग्रंथालय आहे, पोरं आत बसून अभ्यास करतात. आणि दुसरीकडे चर्चेसचे महागडे फ्लॅट होतात, गेटला कोड, आत जाऊन बघायचीसुद्धा सोय नाही, त्यावर ग्रुपवर एक अक्षर नाही.

अजून एक. तिथून फार लांब नाही, किंग हेन्रीज रोडवर, ज्या घरात बाबासाहेब 1921-22 ला राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने घेतलं, त्याचं संग्रहालय करायला 2018 मध्ये कौन्सिलने परवानगी नाकारली तेव्हा हाच ग्रुप केवढा पेटला होता! राहत्या घरात संग्रहालय झालं तर कोणाचं काय बिघडतं, असंच सगळे म्हणत होते. बरोबरच होतं ते, 2020 ला परवानगी मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग तोच न्याय इथे का नाही?

हां, ती शाळा खाजगी आहे, फी भरपूर, आमच्यासारख्यांच्या पोरांना ती परवडणारी नाही. मान्य.

आणि आता बाबांचं लिहिलंच आहे तर पूर्ण लिहिते. त्या देवळातल्या शाळेत चार-पाच मुलं पायरीच्या खाली, उन्हात बसायची. त्यांना मंडपात घ्यायचे नाहीत. पाटी गुरुजी लांबूनच बघायचे. बाबांनी हे आम्हाला फार उशिरा सांगितलं, सांगताना खाली बघत होते. त्यातला एक मुलगा पाढ्यांत बाबांच्या पुढे होता, त्याचं नाव त्यांना अजून पाठ आहे. म्हणून देवाच्या जागेत कोणी यावं न यावं असलं काही कोणी बोललं की मला पटकन राग येतो, मग तो मारुती असो नाहीतर सेंट स्टीफन. आणि म्हणूनच त्या फीचंही मला मनापासून वाईट वाटतं, नुसतं मान्य म्हणून सोडता येत नाही. पण मोडकळीला आलेलं छप्पर नुसत्या हळहळण्याने दुरुस्त होत नाही, त्याला पैसा लागतो, आणि तिथे रोज माणसांची ये-जा लागते. बाबांच्या गावात झेडपीची नवी इमारत झाली, शाळा तिकडे गेली, त्यानंतर मंडपाची कौलं फुटली ती कित्येक वर्षं कोणी बदलली नाहीत.

काकांना मी उद्या फोन करणार आहे, ग्रुपवर वाद नको. बाकी कोणाला चर्च बघायचं असेल तर बेल्साइझ पार्क स्टेशनला उतरा, तिथून थोडंच चालायचंय. शाळेच्या वेळात आत जायचा हट्ट करू नका, लहान मुलं असतात. बाहेरून मनोरा बघा, आणि फोटो काढताना मुलं फ्रेममध्ये येणार नाहीत एवढं सांभाळा.